मुलीचे कपडे, तिची सुरक्षितता आणि घरातला पहिला प्रश्न

फोंड्याहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची बावीस वर्षांची मुलगी हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण पूर्ण करून कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरीला लागली असून दोन मैत्रिणींसह पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मागच्या महिन्यात रात्री बसमधून उतरून चालत जात असताना एका मोटारसायकलस्वाराने इमारतीच्या फाटकापर्यंत तिचा पाठलाग केला. रविवारी घरी आल्यावर तिने जेवताना हे सांगितले, तेव्हा मामाने पहिला प्रश्न केला तो ‘तू घातले काय होतेस?’ हा. ती ताटावरून उठून गेली आणि तेव्हापासून फोनवर ‘सगळे ठीक आहे’ यापलीकडे काही बोलत नाही. कायदा स्त्रीच्या कपड्यांना महत्त्व देतो का, आईने काळजीपोटी कपड्यांबद्दल सांगणे चूक आहे का, आणि खरोखर उपयोगी पडेल अशी खबरदारी कोणती, हे आईला जाणून घ्यायचे आहे.

मी गोव्यातील फौजदारी न्यायालयांत वकिली करते आणि माझे बरेचसे काम अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहण्याचे आहे. ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरे मी देईनच, परंतु मला त्यांच्याहून अधिक चिंता वाटते ती मुलगी बोलायची थांबली याची.

कायद्यापासून सुरुवात करते, कारण तेथे उत्तर बरेच स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ६३व्या कलमात बलात्काराची व्याख्या, ७४व्या कलमात विनयभंग, ७५व्यात लैंगिक छळ, ७७व्यात स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रीकरण, ७८व्यात पाठलाग आणि ७९व्यात शब्दाने किंवा हावभावाने स्त्रीचा अपमान हे गुन्हे येतात. यांपैकी एकाही कलमात स्त्रीचा पोशाख हा आरोपीचा बचाव म्हणून किंवा शिक्षा कमी करण्याचे कारण म्हणून दिलेला नाही. संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीसाठी स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दिलेली तयारी, असे ६३वे कलम म्हणते, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजू नये, हेही तेथेच लिहिलेले आहे. तोकड्या स्कर्टला किंवा उघड्या दंडांना या व्याख्येत शिरायला जागाच नाही.

हे पूर्वीपासून असे नव्हते. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला, जो मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही अशा कारणांनी आरोपी पोलिस सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही पुराव्याच्या कायद्यात १५५व्या कलमाचे चौथे पोटकलम शिल्लक होते, ज्याच्या आधारे बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढता येत असे. ते पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर झालेल्या २०१३ च्या दुरुस्तीने तर, संमतीचा मुद्दा असेल तेथे स्त्रीचे चारित्र्य आणि तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव हा पुरावाच गैरलागू ठरवला. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद ४८व्या कलमात आहे.

कायद्याच्या पुस्तकातून जे गेले ते माणसांच्या डोक्यातूनही गेले, असे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळातील कोळीकोडच्या सत्र न्यायालयाने लैंगिक छळाच्या एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना, तक्रारदार स्त्रीचे कपडे उत्तेजक होते, अशा अर्थाचे शेरे आदेशात लिहिले. केरळ उच्च न्यायालयाला पुढे ते शेरे वगळावे लागले. हे घडले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा अपर्णा भट प्रकरणातील निकाल अस्तित्वात होता आणि त्यात जामिनाच्या आदेशात स्त्रीच्या पोशाखाची, वागणुकीची किंवा पूर्वायुष्याची चर्चा येता कामा नये असे स्वच्छ शब्दांत सांगितलेले होते.

गोव्यालाही यात वेगळेपणाचा दावा करता येणार नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये येथील एका हॉटेलात घडल्याचा आरोप असलेल्या प्रकरणात एका नियतकालिकाच्या संपादकाची म्हापशाच्या सत्र न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी निर्दोष मुक्तता केली. त्या निकालाला राज्य सरकारने आव्हान दिले, त्यामुळे तो बरोबर की चूक यात मी शिरत नाही. पाचशेहून अधिक पानांच्या त्या निकालपत्रात तक्रारदार स्त्री घटनेनंतरच्या छायाचित्रांत हसतमुख आणि आनंदी कशी दिसते याची जी चर्चा आहे, ती मात्र प्रत्येक वकिलाने वाचावी अशी आहे. अपिलाच्या प्राथमिक सुनावणीतच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, हे पीडितेने कसे वागावे याचे नियमपुस्तक वाटते, अशा आशयाची टिप्पणी केली होती. कपड्यांविषयीचा प्रश्न आणि हसण्याविषयीचा प्रश्न ही एकाच घरची भावंडे आहेत, कारण दोन्हींत आरोपीने काय केले हे बाजूला राहते आणि बाई कशी होती याची तपासणी सुरू होते.

आता कपड्यांना न्यायालयात खरे महत्त्व कोठे असते ते सांगते. खटल्याच्या सुनावणीत मुद्देमालाचे पाकीट उघडण्याचा एक टप्पा असतो. लाखेचे सील तोडले जाते, शिपाई आतला कपडा दोन बोटांनी उचलून साक्षीदारासमोर धरतो आणि हाच तो कपडा का असे सरकारी वकील विचारतात. त्या पाकिटांतून मी सर्वाधिक वेळा काय बाहेर येताना पाहिले असेल, तर सलवार-कमीज, घरात घालायचा सुती गाऊन, शाळेचा गणवेश आणि कामावरचा एप्रन. बराच काळ बंद राहिल्याने त्यांना कोंदट वास येतो आणि घड्यांवर पिवळट रेघा उमटलेल्या असतात. अशा वेळी न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर मला बरेचदा आश्चर्य दिसते. ‘तसले’ काहीतरी बाहेर येईल, अशी त्यांचीही कोठेतरी समजूत असते. न्यायालयाला त्या कपड्यावरचा डाग, फाटलेली शिवण, तुटलेली हुक आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल हवा असतो. कपडा कोणत्या मापाचा होता याने खटल्यात काही सिद्ध होत नाही.

साध्या कपड्यांनी संरक्षण मिळते, हे म्हणणे वस्तुस्थितीलाच धरून नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट कायम आहे: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचे वचन दिलेला माणूस. या माणसांनी त्या बाईला अंगभर कपड्यांत, कामाच्या कपड्यांत, आजारपणात आणि झोपेतून उठलेल्या अवस्थेतही पाहिलेले असते. तिचा विश्वास, तिचे एकटेपण, तिची नोकरीची गरज आणि ती बोलणार नाही याची खात्री, या गोष्टी त्यांना संधी देतात. यातली शेवटची गोष्ट घराच्या हातात असते.

आपल्या गोव्यात तर कपड्यांचा हा युक्तिवाद अधिकच विचित्र ठरतो. एकाच वाड्यावर काष्टा घातलेली आजी आणि गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालणारी तिची ख्रिस्ती शेजारीण पिढ्यान्‌पिढ्या एकाच विहिरीवर पाणी भरत आल्या. लावणीच्या दिवसांत शेतात उतरणारी बाई गुडघ्यावर कापड खोचूनच चिखलात उभी राहते. या बायकांपैकी फ्रॉकवालीला अधिक त्रास झाला आणि काष्ट्यावालीला कमी, असे कोणी जुने माणूस सांगताना मी तरी ऐकलेले नाही. तरीही २०१४ मध्ये तेव्हाचे सार्वजनिक बांधकाममंत्री सुदिन ढवळीकर यांनी किनाऱ्यावर बिकिनी नको आणि तोकडे कपडे घालून पबमध्ये जाणाऱ्या मुली आपल्या संस्कृतीत बसत नाहीत अशा अर्थाचे मत मांडले, आणि आपल्यापैकी अनेकांनी माना डोलावल्या. देवळात जाताना अंग झाकून जावे, ही देवस्थानची अपेक्षा असू शकते आणि ती पाळणे हा शिष्टाचार आहे. पण शिष्टाचाराचे नियम सुरक्षिततेचे म्हणून विकले जातात, तेव्हा घोटाळा होतो.

कपड्यांवरून सुरू झालेला प्रश्न पुढे सरकतही जातो. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूण किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. सुरुवातीला बुडून मृत्यू असे सांगितले गेले, दुसऱ्या शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमा नोंदवल्या गेल्या, २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतील एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. मधल्या अकरा वर्षांत चहाच्या गाड्यावर चर्चा कशाची झाली असेल, तर आई मुलीला सोडून गेलीच कशी याची. जुलै २०२१ मध्ये बाणावली किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्यावर मुख्यमंत्री प्रमोद सावंत विधानसभेत म्हणाले की चौदा वर्षांच्या मुली रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा पालकांनी आत्मपरीक्षण करायला हवे. टीका झाली तेव्हा, आपले विधान संदर्भ सोडून घेतले गेले, असे त्यांनी स्पष्ट केले. आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावे यात वाद नाही. पण त्या प्रकरणातील आरोपींनी स्वतः पोलिस असल्याची बतावणी केली असा आरोप होता, आणि पोलिस म्हणवणाऱ्या माणसाने रात्री अडवल्यास मुलांनी काय करावे, यावर सभागृहाबाहेरही फारशी चर्चा झालेली मला आठवत नाही.

तुमच्या भावाचा हेतू वाईट आहे असे मी समजत नाही. असे प्रश्न विचारणारी माणसे बहुधा घाबरलेली असतात. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकातील प्रयोगांतून दाखवले की जगात न्याय आहे आणि ज्याचे त्याला मिळते, या समजुतीला माणसे इतकी धरून असतात की समोर निरपराध व्यक्ती त्रास सोसताना दिसली आणि आपल्याला तो थांबवता येत नसला, तर ती त्या व्यक्तीतच खोट शोधू लागतात. भाचीने काहीतरी वेगळे केले असते तर हे टळले असते, असे मानले की मामाला रात्री झोप लागते. घराला कुलूप लावतो तसेच हे, असेही ते म्हणतील. तर त्यांना विचारा की कुलूप न लावलेल्या घरात चोरी झाली म्हणून पोलिस पंचनामा करायचे नाकारतात का, की दार उघडे होते म्हणून न्यायालय चोराला कमी शिक्षा देते.

आता मुलीच्या बोलणे बंद करण्याकडे येते. पाठलागाचा गुन्हा ज्या ७८व्या कलमाखाली येतो, त्यात स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुरुषाने तिच्याशी संपर्क साधण्यासाठी ‘वारंवार’ तिचा पाठलाग किंवा संपर्काचा प्रयत्न केलेला असावा लागतो. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असून तो जामीनपात्र आहे, तर त्यानंतरच्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असून तो अजामीनपात्र आहे. एका रात्रीच्या प्रसंगावर हे कलम टिकेलच असे मी सांगणार नाही. पण त्या प्रसंगाची पोलिस स्थानकावर लेखी नोंद असेल, तर दुसऱ्या वेळी ‘वारंवार’ हा शब्द सिद्ध करायला हातात काहीतरी असते. जेवणाच्या टेबलावरच्या त्या प्रश्नाने ही नोंद व्हायची राहून गेली. तो माणूस पुन्हा आला तर कदाचित ती तुम्हाला सांगणारही नाही, आणि कागदावर तो पुन्हा पहिल्यांदाच आलेला असेल.

फिर्यादीला झालेला उशीर हे बचाव पक्षाचे आवडते हत्यार आहे आणि माझ्या अनुभवात उशिराचे सर्वांत सामान्य कारण घरच्यांची भीती हे आहे. हरियाणातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा मुलीच्या ‘वर्तना’चा उल्लेख करून पाचवर आणली आणि गदारोळ झाल्यावर पुनर्विलोकनात सांगितले की तिने पाच दिवस कोणालाही काही सांगितले नाही एवढेच त्या शब्दातून अभिप्रेत होते. कायद्यात ठरलेल्या किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची न्यायालयाला असलेली मुभा २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि लैंगिक गुन्ह्यांतील उशिराकडे समजून पाहावे असे न्यायालये आज पुनःपुन्हा सांगतात. तरीही उलटतपासणीत तो प्रश्न येतोच, आणि ‘घरी सांगितले तर मलाच बोलणी बसली असती’ हे उत्तर भर न्यायालयात देणे किती कठीण असते ते मी जवळून पाहिले आहे. तिने ओरडून प्रतिकार का केला नाही, हाही असाच प्रश्न. स्टॉकहोममधील आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे सत्तर टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जागच्या जागी गोठल्याचे सांगितले. धोक्यात शरीर असे वागते, हे मुलीला आधीच ठाऊक असेल तर ती नंतर स्वतःला दोष देत बसत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की काळजी करणे चूक नाही आणि खबरदारी सांगणेही चूक नाही. मुलींना कोणतीही सूचना देणे म्हणजे त्यांनाच दोष देणे, असे मानणारे काही कार्यकर्ते माझे स्नेही आहेत आणि त्यांच्याशी माझा यावर जुना वाद आहे. रात्री अकराला निर्मनुष्य रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलीला तत्त्व पुरत नाही, रिक्षा लागते. मात्र सूचना घटनेच्या आधीची असावी, ती खरोखर उपयोगी असावी, आणि ती पाळली नाही म्हणून नंतर तिचा हिशेब मागितला जाणार नाही याची मुलीला खात्री असावी. कपड्यांची सूचना पहिल्याच पायरीवर गळते, कारण तिचा उपयोग नाही. एक अपवाद मी करते तो पायांतल्या वस्तूंचा. रात्रपाळीवरून परतताना पटापट चालता येईल अशी चप्पल किंवा बूट घालावेत आणि टाचेचे सँडल पिशवीत ठेवावेत.

बाकी खबरदारी गोव्याच्या परिस्थितीकडे पाहून ठरवावी लागते आणि येथे सर्वांत मोठी अडचण वाहतुकीची आहे. संध्याकाळी आठनंतर आपल्याकडे बस विरळ होतात, आतल्या रस्त्यांवर दिवे असतील याचा भरवसा नसतो आणि किनारपट्टीवरच्या नोकऱ्या मात्र रात्री उशिरापर्यंत चालतात. म्हणून मुलीने हॉटेलच्या व्यवस्थापनाकडे रात्रपाळीनंतर घरी सोडण्याच्या वाहनाची मागणी लेखी करावी, शक्यतो तिघी-चौघींनी मिळून करावी, आणि त्या वाहनाच्या चालकाचे नाव व क्रमांक मैत्रिणींकडे असावा. मोटारसायकल पायलट, म्हणजे भाडे घेऊन दुचाकीवरून सोडणारा, घ्यायचा झाला तर स्टँडवरचा, ओळखीचा घ्यावा. अॅपवरून टॅक्सी मागवल्यास प्रवासाचा दुवा मैत्रिणीला पाठवता येतो. फोनमधील आणीबाणीची सोय आधीच चालू करून ठेवावी आणि आणीबाणीत मदत मागवण्याचा ११२ हा क्रमांक एकदा शांत डोक्याने समजून घ्यावा. १८१ ही महिलांसाठीची वेगळी मदतवाहिनी आहे. पाठलाग होत असेल तर थेट घराकडे जाऊ नये, कारण त्याने पत्ता कळतो. जवळच्या उघड्या दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा औषधांच्या दुकानात शिरून तेथून फोन करावा. साध्या वेशातल्या कोणी पोलिस म्हणून अडवले तर ओळखपत्र मागावे, ११२ला फोन लावून खातरजमा करावी आणि त्याच्या गाडीत बसू नये. स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही आणि अगदी अपवाद वगळता सूर्यास्तानंतर तिला अटकही करता येत नाही, हे ठाऊक असलेली मुलगी तोतया माणसासमोर लवकर खचत नाही.

हॉटेलच्या नोकरीत आणखी एक गोष्ट आहे. तेथे कपडे मुलगी ठरवत नाही, गणवेश व्यवस्थापन ठरवते, आणि रिसेप्शनवर साडी नेसून उभ्या असलेल्या मुलींनाही पाहुण्यांकडून जे ऐकावे लागते ते मी तक्रारअर्जांत वाचते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणे हे त्याच्या १९व्या कलमाने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीवर कोण आहे याचा फलक हॉटेलात कोठे लावला आहे, एवढे तिने रुजू असतानाच पाहून ठेवावे. फलक नसेल तर ती विचारणाही लेखी करावी.

याहून गंभीर काही घडले तर काय करायचे, हे बोलायला जड जाते, पण घरात एकदा बोलून ठेवा. आधी रुग्णालय गाठावे. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय, असो वा खाजगी इस्पितळ, पोलिसांत तक्रार झालेली नसली तरी प्रथमोपचार आणि उपचार विनामूल्य द्यावेच लागतात आणि नाकारणे हा गुन्हा आहे. शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत आणि ते प्लॅस्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा नासतो. अंघोळ झालेली असली, दोन दिवस उलटलेले असले तरीही जावे. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू व्हावी लागतात, आणि एचआयव्हीची औषधे अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटे घालून पूर्वीचा लैंगिक अनुभव अजमावण्याचा प्रकार, करू पाहणाऱ्या डॉक्टरला स्पष्ट नकार द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती चाचणी करणे हे गैरवर्तन ठरवले आहे. तक्रार कोणत्याही पोलिस स्थानकावर देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि अशा गुन्ह्यात जबानी महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. वकील मिळेपर्यंत सोबत कोणी हवे असेल, तर बायलांचो साद ही संघटना १९८६ पासून गोव्यात हेच काम करत आली आहे.

तुमच्या घरातल्या गोष्टीबाबत माझा सल्ला साधा आहे. मुलीला फोन करून कपड्यांविषयी किंवा मामांविषयी काही न बोलता फक्त विचारा की त्या रात्रीनंतर तो माणूस पुन्हा दिसला का. ती लगेच बोलेलच असे नाही, दुसऱ्यांदा विचारावे लागेल. मामांना खरोखर काळजी असेल, तर ज्या दिवशी हॉटेलचे वाहन नसेल त्या दिवशी तिला घरी सोडायला ते स्वतः येऊ शकतात का, हे त्यांना विचारा. त्यांच्या काळजीला तेवढे काम मिळाले तर बरेच होईल.

आणि उशीर झाला असला तरी पर्वरी पोलिस स्थानकावर तिच्या सहीचा अर्ज द्या. त्यात तारीख, अंदाजे वेळ, बसथांब्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता, मोटारसायकलचा रंग आणि बनावट, क्रमांकातील आठवतील तेवढे आकडे, स्वाराने हेल्मेट घातले होते का, त्याच्या शर्टाचा रंग, तो काही बोलला का, आणि तिने त्याला काही सांगितले असल्यास ते शब्द, एवढे लिहावे. तिच्या स्वतःच्या कपड्यांबद्दल अर्जात एक शब्दही नको. रस्त्यावरच्या दुकानांच्या आणि इमारतीच्या सीसीटीव्हीचे चित्रण तपासून जपून ठेवावे अशी विनंती शेवटी करावी, कारण अशी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि मागच्या महिन्याचे आता असेलच याची खात्री नाही. इमारतीच्या सोसायटीला मात्र आजच फोन करून विचारता येईल. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती प्रत मुलीकडे ठेवावी.